सॉनी रॉलिन्सचा 'द ब्रिज': पुलाची स्टोरी बाजूला ठेवून ऐका

टेनर सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सची पुलाची स्टोरी जॅझ ऐकणाऱ्याला कधी ना कधी कुणीतरी सांगतंच. 1959 साली माणूस ऐन फॉर्मात, 'सॅक्सोफोन कोलोसस' हा गाजलेला अल्बम रेकॉर्ड होऊन तीन वर्षं झालेली, सगळीकडे वाहवा, आणि ह्याच्या डोक्यात बसलं की आपलं नाव झालंय तेवढं आपलं वाजवणं नाहीये, झालं, शो बंद, रेकॉर्डिंग बंद. न्यूयॉर्कात लोअर ईस्ट साइडला राहायचा, शेजारी एक गरोदर बाई, तिला त्रास नको म्हणून सॅक्स घेऊन थेट विल्यम्सबर्ग ब्रिजवर, तिथे तासन्‌तास रियाज, कडाक्याच्या थंडीत पण. आपल्याकडचे गवय्ये सगळं सोडून रियाजाला बसतात, त्या चिल्ल्याचाच प्रकार हा. 1961 च्या शेवटी शेवटी परत स्टेजवर आला आणि 1962 ला आरसीए व्हिक्टर ह्या रेकॉर्ड कंपनीने 'द ब्रिज' हा अल्बम काढला.

आता एवढं ऐकल्यावर माणूस काहीतरी भन्नाट एक्स्पेक्ट करणारच ना. त्यात ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेन ह्या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्यांनी तोवर जॅझ पार उलटंपालटं करून ठेवलेलं, आणि हा येतो तर सहापैकी चार ट्रॅक जुनेच स्टँडर्ड, म्हणजे सगळेच वाजवतात ती ठरलेली गाणी! तेव्हाही काही समीक्षकांनी नाकं मुरडली होती. मला मात्र हेच आवडतं, कारण बदल गाण्यांत नाहीये, वाजवण्यात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पियानोच नाही. त्याच्या जागी जिम हॉलची गिटार, आणि हा गडी इतकं कमी वाजवतो की बास! दोन-तीन सूर टाकतो आणि गप्प बसतो, त्यामुळे रॉलिन्सला हवं तिकडे फिरायला मोकळं रान मिळतं. 'विदाउट अ साँग' लावा आणि फक्त सॅक्सचा आवाज ऐका, जाड, भरदार, थोडा खडबडीत, एखादा सूर मुद्दाम उशिरा टाकतो आणि तरी लयीतून सुटत नाही. टायटल ट्रॅक सुसाट आहे, मधेच लयीचा खेळ करतात आणि सॅक्स-गिटार असे एकत्र पळतात की पहिल्यांदा नीट कळतच नाही काय झालं, परत लावावं लागतं. बॉब क्रॅनशॉचा बेस तर खांब आहे खांब (उगाच नाही पुढे कित्येक दशकं रॉलिन्सने त्याला सोबत ठेवलं).

'गॉड ब्लेस द चाइल्ड' हे जॅझ गायिका बिली हॉलिडेचं गाणं, इथे रॉलिन्स फार कलाकुसर करत नाही, चाल सरळ म्हणतो आणि तीच लागते. 'व्हेअर आर यू' मात्र मला रेंगाळल्यासारखं वाटतं, तेही लगेच दुसऱ्या नंबरला, आत्ता कुठे मूड जमत होता.

बाय द वे, साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी हाच माणूस चक्क आपल्या पवईच्या आश्रमात येऊन काही महिने राहून गेलाय, योग आणि ध्यान शिकायला. म्हणजे सगळं सोडून निघून जायची खोड जुनीच.

रॉलिन्स अजिबातच ऐकला नसेल तर आधी 'कोलोसस'मधलं 'सेंट थॉमस' ऐका, कॅलिप्सोचा, म्हणजे कॅरिबियन बेटांकडचा ठेका आहे, लगेच आवडतं. मग हा. आणि प्लीज मोबाइलच्या स्पीकरवर नको, बेस गायब होतो आणि पियानो नसल्यामुळे खालचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो 'व्हेअर आर यू'मुळे.