टोमॅटोची पिकअप: ३४ महिने, १ लाख १८ हजार किलोमीटर

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही दोघा भावांनी मिळून १.७ टनी डिझेल पिकअप घेतली. गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजारापासून आठ-नऊ किलोमीटरवर. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केटला, आणि बाकीचे दिवस शेत ते बाजार. माल टोमॅटो, कांदा, मधूनमधून फ्लॉवर. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडी बीएस-६ आहे, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची, एवढं सांगितलं तरी पुरे, कारण शेजारपाजारच्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकांशी बोललो तेव्हा दुखणी जवळजवळ सारखीच निघाली.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. किलोमीटर, काम, पावती, गाडी किती दिवस उभी राहिली, सगळं त्यात आहे. गाडी बघायला येणारा प्रत्येक जण मायलेज किती आणि हप्ता किती एवढंच विचारतो. मायलेज सांगून टाकतो: भरलेली असताना साडेअकरा-बारा, रिकामी चौदा. म्हणजे किलोमीटरला सव्वासात रुपयांच्या आसपास डिझेल. पण वहीतून मला जे कळलं ते या दोन्ही आकड्यांत नाही.

इंजिनाची पहिली तक्रार सहा महिन्यांतच आली. जुलै २०२३ ज्यांनी टोमॅटोत काढला त्यांना तो महिना आठवत असेल, वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. ७५ क्रेट भरून भाऊ रात्री निघाला. घाट उतरून टोकावड्याच्या पुढे गेला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. थोड्या वेळाने गाडी ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी तीस-पस्तीसच्या वर जाईना. त्याचा फोन आला, "दादा, इंजिन चालू आहे पण गाडीत जीवच नाही." वर पाऊस, मागे दीड लाखाचा माल. पहाटे मुरबाडहून दुसरी पिकअप मिळाली, भर रस्त्यात क्रेट बदलली आणि माल मार्केटला पोचला तेव्हा सकाळचा लिलाव अर्धा उरकला होता.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. गाडी सलग वेगात चालली की जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं आणि साठलेली काजळी जळून जाते. त्याआधीचे वीस दिवस आमची गाडी फक्त शेत ते बाजार करत होती. आठ किलोमीटर जायचं, बाजारात इंजिन चालू ठेवून तासभर रांगेत थांबायचं, परत यायचं. जाळी तापायची संधीच मिळाली नाही. ती तुंबली, आणि गाडीतल्या संगणकाने इंजिन जपायला ताकद तोडली. त्या संगणकाला स्कॅनर लावून जबरदस्तीने काजळी जाळावी लागली, बिल २,५०० रुपये. गाडी देताना हे आम्हाला कुणी समजावलं नव्हतं, याचा मला आजही राग आहे. शोरूममध्ये दहा मिनिटं बसवून सांगितलं असतं तरी ती रात्र टळली असती.

आता बाजाराचे दिवस लांबले की दर चार-पाच दिवसांनी गाडी पुणे-नाशिक रस्त्याला काढतो आणि चौथ्या गिअरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं एकसारखी चालवतो. दिवा लागलाच तर इंजिन बंद न करता तेच करायचं. त्यानंतर सव्वादोन वर्षांत एकदाच स्कॅनर लावावा लागला. काही गॅरेजवाले जाळी काढूनच टाकू म्हणतात, कटकट मिटते म्हणतात. ते बेकायदा आहे, पासिंगला गाडी अडकते, आणि तो काळा धूर आपल्याच गावात, आपल्याच पोरांच्या नाकात जातो. आम्ही काढली नाही, काढणारही नाही.

मोठा फटका इंजेक्टरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा. फेब्रुवारी २०२५, गाडी ८६ हजार चाललेली. सकाळी स्टार्टला खडखड, पांढरट धूर, एक सिलिंडर मिसिंग. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर होती, म्हणून निर्धास्त होतो. वर्कशॉपने फिल्टर उघडला आणि सांगितलं की डिझेलमध्ये पाणी आहे, हे वॉरंटीत बसत नाही. अर्ज, फोटो, फोनाफोनी यात सात दिवस गेले. नकार पक्का झाल्यावर इंजेक्टर पुण्याहून यायला आणखी चार. बिल झालं २१,५००. पण तेव्हा रांगडा कांदा निघत होता आणि त्या अकरा दिवसांत वाशीच्या सात फेऱ्या बुडाल्या. फेरीला साडेसहा हजार धरा. उभ्या गाडीने इंजेक्टरच्या दुप्पट पैसे खाल्ले.

पाण्याबद्दल खरं ते लिहितो. ट्रॅक्टरसाठी घरी बॅरल असतं, घाईच्या वेळी आम्ही त्यातलंच डिझेल पिकअपला घालत होतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला ते चालून जायचं. आमच्या गाडीच्या कॉमन रेल यंत्रणेत डिझेल हजार बारच्या वर दाबाने सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून जातं, तिथे पाण्याचा थेंब आणि गंज म्हणजे घातच. बॅरल बंद केलं. महिन्यातून एकदा फिल्टरखालचा नळ सैल करून पाणी काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. तरीही वर्कशॉपने निर्णयाला सात दिवस लावले ते चुकीचंच. नाही म्हणायचं तर दुसऱ्या दिवशी म्हणा, शेतकऱ्याचा माल थांबत नाही.

पाटे, म्हणजे ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, दोनदा तुटले, दोन्ही वेळा मागचा मेन पाटा, मिळून ६,८००. यात गाडीचा दोष नाही. टोमॅटोचं भरलेलं क्रेट साधारण बावीस किलोचं होतं, प्लास्टिक धरून. ७५ क्रेट म्हणजे १,६५० किलो, तिथेच क्षमता संपली. आमच्याकडे १०० आणि ११० सर्रास भरतात, पहिल्या वर्षी आम्हीही भरली. माळशेज उतरताना ब्रेक तापल्याचा वास केबिनमध्ये आला त्या दिवसापासून ७५ च्या वर एक क्रेट घेत नाही. व्यापारी कुरकुर करतात. करू देत.

क्लच ७१ हजारांवर गेला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी धरून १३,४००. ओझं आणि चढावर अर्धा क्लच दाबून ठेवायची सवय, दोन्ही कारणं फिटरने तोंडावर सांगितली. नवा क्लच ४७ हजार चालून अजून घट्ट आहे. बाकी बॅटरी ६,२००, ब्रेक लायनर आणि हब बेअरिंग ९,७००. गोठ्याशेजारी गाडी लावली तेव्हा उंदरांनी वायरिंग कुरतडलं, त्याचे ४,३००, आणि नेमका दोष शोधण्यात तीन दिवस. लायनरचा शेवटचा सेट ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवली की फरक दिसतो. दुकानदाराने जुनाच भाव लावला तर पावती मागा.

नियमित सर्व्हिस अकरा झाल्या, एकूण ६३,८००. दुरुस्तीसकट सगळा खर्च १,३०,७०० येतो, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ११ पैसे. टायरचे दोन सेट बदलले, ५७,६०० चे. ते धरून १ रुपया ६० पैसे. डिझेलपुढे हा आकडा लहान आहे, आणि म्हणून मी गाडीला वाईट म्हणणार नाही. चेसिस, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांनी आजवर एक दिवस त्रास दिलेला नाही. हौद्याचा पत्रा मात्र पातळ आहे, दुसऱ्या पावसाळ्यातच कोपरे गंजले.

हिशोबात बसत नाहीत ते उभे दिवस. ३४ महिन्यांत २३ दिवस गाडी हलली नाही, त्यातले अकरा एकट्या इंजेक्टरपायी. शेजारच्या काकांची २०१२ ची पिकअप धूर ओकते आणि महिन्यातून एकदा तरी काहीतरी मागते. पण तिचं दुखणं आळेफाट्याचा कुठलाही फिटर संध्याकाळपर्यंत काढतो. आमच्या गाडीला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरवाला माणूस पाऊण तासावर.

भावाला आता दुसरी गाडी घ्यायची आहे. सीएनजीचा विचार करून पाहिला, पण भरल्या गाडीला घाटात ओढ कमी पडते आणि पंपावरच्या रांगेत टोमॅटो मऊ पडतो. डिझेलच घेणार. या वेळी शोरूमला जायच्या आधी वर्कशॉपच्या स्टोअरला जातोय आणि तीन गोष्टी विचारतोय: इंजेक्टर, क्लच सेट आणि डीपीएफचा सेन्सर आज शेल्फवर आहे का, नसेल तर किती दिवसांत येतो, आणि वॉरंटीचा नकार द्यायचा असेल तर तो लेखी किती दिवसांत देता. आतापर्यंत दोन ठिकाणी विचारलं. एकाने स्टोअर उघडून दाखवलं, दुसऱ्याने आधी बुकिंग करा म्हणून सांगितलं. पहिल्याकडे पुढच्या सोमवारी पुन्हा जातोय, वही बरोबर घेऊन.