क्ले रेंजवर इलेक्ट्रॉनिक इअरमफ: गोव्याच्या दमट हवेतले नऊ महिने

आधी वापर किती झाला ते सांगतो, कारण चार दिवस कानाला लावून लिहिलेल्या कौतुकाला अर्थ नसतो. दसऱ्यापासून आषाढापर्यंत आठवड्यातून दोनदा क्ले रेंजवर, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्यांवर छर्र्यांच्या बंदुकीने नेम धरायच्या मैदानावर, दरवेळी ट्रॅप या प्रकाराच्या तीन-चार फेऱ्या. मैदान सड्यावरचं, उघडं, स्टेशनांवर, म्हणजे नेमबाजांच्या उभं राहायच्या जागांवर, सावलीपुरते पत्रे. मफ, म्हणजे आवाज अडवायला कानांवर चढवायचे कप, मध्यम किमतीचा: बारीक कपांचा, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारा, बाहेर दोन मायक्रोफोन, खोक्यावर एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने घटतो त्याचा आकडा, २२. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतले बहुतेक मफ आतून एकाच जातीचे असतात आणि इथल्या हवेत एकाच तऱ्हेने म्हातारे होतात.

क्ले रेंजवर कानाला धोका स्वतःच्या बंदुकीपेक्षा शेजारच्याच्या बंदुकीचा जास्त, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ऑलिंपिक ट्रॅपच्या स्क्वाडमध्ये, म्हणजे एका फेरीच्या गटात, सहा जण, प्रत्येकाला २५ चकत्या, प्रत्येक चकतीवर दोन बार काढायची मुभा. म्हणजे एका फेरीत दीडशे ते तीनशे बार, आणि त्यातले आपले फक्त २५ ते ५०. स्टेशनं एकमेकांपासून तीन-सव्वातीन मीटरवर. बारा बोअरच्या बंदुकीचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. १४० च्या पुढचा एकच दणकासुद्धा कानाला कायमचा अधू करू शकतो. आपली पाळी झाली म्हणून कप वर सरकवून गप्पा मारत उभे राहणारे प्रत्येक रेंजवर दिसतात. इलेक्ट्रॉनिक मफचा खरा फायदा तिथेच आहे. कप न उचलता रेफरीचा आवाज, प्रशिक्षकाची सूचना, मागून कोणी आलं तर पावलं, सगळं ऐकू येतं. नऊ महिन्यांत कान उघडा करायची वेळ जवळपास आली नाही, आणि पैसे वसूल झाले ते एवढ्यासाठीच.

आवाज अडवण्याचं काम मात्र इलेक्ट्रॉनिक्स करत नाही. ते करतो कप, त्याची उशी आणि डोक्यावरची पट्टी. आतलं सर्किट फक्त बाहेरचा बारीक आवाज आत आणतं आणि मोठा आवाज आला की हात आखडतं. सेल संपले तरी संरक्षण तेवढंच राहतं, आणि उशीला फट पडली की सेल कितीही नवे असोत, उपयोग शून्य. एनआरआरचा आकडाही जसाच्या तसा घ्यायचा नाही. तो प्रयोगशाळेतला. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या संस्थेचा १९९८चा सल्ला होता की मफच्या आकड्यातून पाव भाग वजा करावा आणि फोमच्या बोळ्यांच्या आकड्यातून निम्मा. २२ चे उरले सोळा-साडेसोळा. पत्र्याखाली दणका घुमतो, म्हणून तिथे फोमचे बोळे घालून वर मफ हेच बरं. दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. ज्याचं रेटिंग जास्त, त्याच्या वर पाचेक डेसिबल मिळतात. पण पाच डेसिबल म्हणजे कानावर पडणारी ऊर्जा एक-तृतीयांशाच्याही खाली. बोळे घातल्यावर मफचा आवाज वाढवला की बोलणंही पुरेसं ऐकू येतं. बोळा दोन बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट ठेवायचं. अर्धा बाहेर डोकावणारा बोळा म्हणजे कानातली शोभा.

आता फटींविषयी, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्याला जास्त मार बसतो. उजव्याला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो. पण उजव्या बाजूला दुसरी अडचण. दस्ता गालाला लावताना कपाची खालची कड दस्त्याला घासते आणि कप खालून उचलला जातो. मग दोन गोष्टी होतात. आवाज आत शिरतो. आणि नेमबाज नकळत गाल दस्त्यावरून सुटा ठेवायला शिकतो, त्यामुळे छर्रे चकतीच्या वरून जातात. सलग चार-पाच चकत्या वरून चुकल्या की लोक चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा, बदलतात, काडतुसं बदलतात. आधी कप बघावा. जाड कपांचे कारखानी मफ क्लेसाठी घेऊच नयेत. बारीक कपांतही पट्टी किंचित पुढे घेऊन, कपांची खालची कड थोडी मागे जाईल असं बसवलं तर घासणं थांबतं. घरी रिकामी बंदूक, नळ्या मोडून तपासलेली, आरशासमोर दहा-बारा वेळा खांद्याला लावून बघितली की कळतं.

चष्मा दुसरी फट. चष्म्याशिवाय क्ले रेंजवर जायचंच नाही, फुटक्या चकतीचे तुकडे वाऱ्यावर परत येतात. पण चष्म्याच्या जाड दांड्या उशीखाली बोगदा करतात. चपट्या, पातळ दांड्या घ्याव्यात. टोपीची कड आणि लांब केसही उशीच्या बाहेर.

सर्किटबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीचे मफ दणका झाला की बाहेरचा आवाज क्षणभर पूर्ण बंद करतात; स्क्वाडमध्ये लागोपाठ बार होत असताना रेफरीचे शब्द तुटक येतात. नवे मफ आवाज दाबतात, तोडत नाहीत. दुकानात मफ लावून कोणाला तरी बोलत ठेवायचं आणि स्वतः टाळी वाजवायची. टाळीबरोबर त्याचा शब्द गिळला गेला तर तो मफ ठेवून द्यावा.

स्वतःच्या हाकेबद्दल एक बारकावा. ट्रॅपवर चकती सोडणारा मायक्रोफोन नेमबाजाच्या पुढे जमिनीजवळ असतो आणि हाकेवर यंत्र सुटतं. इलेक्ट्रॉनिक मफमध्ये आपली हाक मोठी ऐकू येते, बोळे घातले तर कवटीतून आणखी घुमते, म्हणून माणूस हळू ओरडू लागतो. मग चकती उशिरा सुटते किंवा सुटतच नाही, आणि दोष यंत्राला. मफचा आवाज निम्म्याच्या खाली ठेवला की हाक पूर्ववत होते.

आणि स्पर्धेचा नियम: आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत नेमबाजाला आवाज ग्रहण करणारं कोणतंही साधन असलेला कानरक्षक चालत नाही. ज्याला स्पर्धा खेळायच्या आहेत त्याने साध्या मफवर किंवा बोळ्यांवर सराव करावा. इलेक्ट्रॉनिक मफ शिकताना, शिकवताना आणि मागे उभं राहताना. दुकानदार हे सांगत नाहीत.

आता गोव्याची हवा. पहिले चार महिने मफ नव्यासारखा होता. शिगम्यानंतर घाम सुरू झाला आणि उशीच्या आतल्या बाजूला बारीक चिरा दिसू लागल्या. उशीवरचं कातडं पीव्हीसीचं असतं; घाम आणि केसांचं खोबरेल मिळून ते कडक करतं. सातव्या महिन्यात कड बोटाने दाबली तर परत फुगायला वेळ लागू लागला, म्हणजे उशी गेली. कोरड्या हवेत, समजा दिल्लीत तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर जाणाऱ्यांना उशी वर्षभर पुरेल. इथे सहा महिन्यांनी बदलायची हे धरून चालावं. म्हणून घेतानाच सुट्या उश्या मिळतात का ते विचारावं. या मफच्या उश्यांसाठी महिनाभर थांबावं लागलं, ही सर्वांत मोठी तक्रार. बदली म्हणून सिलिकॉन जेलच्या घातल्या. वजन थोडं वाढलं, पण चष्म्याच्या दांडीभोवती त्या छान बसतात.

डासांचं मलम हा छुपा शत्रू. संध्याकाळच्या फेरीआधी हातापायांना चोळलेल्या मलमातलं डीईईटी हे डास पळवणारं रसायन प्लॅस्टिक विरघळवतं. त्याच हाताने मफ धरला की कपावर बोटांचे चिकट ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत; चष्म्याच्या काचेचंही तेच. मलम लावल्यावर हात साबणाने धुवावेत.

दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. मायक्रोफोनवरची स्पंजाची टोपी निघाली असेल तर कानात नुसती घरघर होते. पावसाळ्यात याच स्पंजावर काळी बुरशी धरते. स्पंज काढून सौम्य साबणात धुवावा, सावलीत वाळवावा. कपातला आवाज रोखणारा फोमही तसाच. कप पाण्याखाली धरायचा नाही. चार्जिंगच्या किंवा हेडफोनच्या भोकाला रबरी टोपी नसेल तर तिथे पहिला गंज चढतो.

पावसाळ्यात मफ पिशवीत ठेवला तर पंधरा दिवसांत वास मारतो. रबरी कडेचा हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुरतं. नारिंगी जेल घ्यावं, हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. जुलैत ते पाच-सहा दिवसांत हिरवं होतं. ओल धरू नये म्हणून आत दिवा लावलेलं कपाट असेल तर प्रश्नच नाही. गाडीत मात्र ठेवू नये. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत पट्टीचा ताण ढिला पडतो, आणि ढिली पट्टी दुरुस्त होत नाही.

सेल. अल्कलाइन सेल आत विसरले तर दमट हवेत गळून टोकांवर पांढरी-हिरवी पावडर धरतात. कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा थेंब लावून ती पुसावी, मग स्पिरिटने. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल या मफमध्ये नीट चालले आणि गळलेही नाहीत. चार तासांनी आपोआप बंद होण्याची सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. जूनमध्ये रेंज बंद झाली की सेल काढून डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवायचे, म्हणजे चवथीनंतर मफ उचलताना शोधाशोध होत नाही.