‘कंपल्सरी’ सेफ्टी किट: नवी गाडी घेणाऱ्यांनी हे आधी वाचा

नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये इन्शुरन्स, रोड टॅक्स, फास्टॅग यांच्या खाली ‘इमर्जन्सी सेफ्टी किट’ अशी ओळ दिसली, तर ती तिथल्या तिथे खोडायला लावा. आमच्या कोटेशनमध्ये ती ४,९५० रुपयांना होती. सेल्समन म्हणाला, “मॅडम, हे कंपल्सरी आहे. ह्याच्याशिवाय पासिंग होत नाही.” पाडव्याला डिलिव्हरी हवी होती, शोरूम कोल्हापुरातलं मोठं, बोलणारा माणूस ठाम. पैसे दिले. आरटीओच्या नोंदणीला अशी दुकानातली कोणतीही पेटी लागत नाही. त्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं, तरी त्याने आमच्या तोंडावर खोटं सांगितलं.

लाल रंगाची पेटी, वर पांढऱ्या अक्षरात किटचं नाव. आत जम्पर केबल (बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची), टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, बंद गाडीच्या मागे रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, टॉर्च आणि आग विझवायचा डबा. सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं. डिलिव्हरी देताना सेल्समनने आवर्जून सांगितलं, “सील फोडू नका मॅडम, वॉरंटी जाईल.” हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचं कारण पुढे येईल.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात सासूबाई, मुलगा आणि मी आंबा घाटाच्या माथ्यावरच्या आंबा गावी मुक्कामाला गेलो होतो. तिथून संध्याकाळी घाट उतरून साखरप्यामार्गे रत्नागिरीला निघायचं होतं. घरगुती हॉटेलच्या अंगणात चिखल, म्हणून गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला, वळणाच्या जरा अलीकडे लावलेली होती. निघताना सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. बॅटरी पार उतरलेली. (त्याचं कारण कोल्हापूरला परतल्यावर कळलं. शोरूमच्याच ॲक्सेसरीज काउंटरने डॅशकॅमची वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. गाडी लॉक असली तरी कॅमेरा चालूच राहायचा.) गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे धक्का स्टार्टचा प्रश्नच नव्हता. धुकं इतकं दाट की पन्नास फुटांवरचं दिसत नव्हतं, आणि वरून घाटात उतरणारे ट्रक त्याच वळणावरून येत होते.

दुधाचा पिकअप घेऊन चाललेला एक दादा थांबला. मी लाल पेटी काढली, सील फोडलं. त्याने त्याच्या बॅटरीला आणि आमच्या बॅटरीला केबल लावली, त्याचं इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. टक टक. परत मारला. तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला आणि क्लॅम्पजवळ केबलचं आवरण मऊ होऊन वाकलं. दादाने हाताला फडकं गुंडाळून ती ओढून काढली. बोट भाजता भाजता वाचलं. खिशातल्या चाकूने त्याने केबल मधोमध चिरली आणि म्हणाला, “ताई, ह्यात तांबं न्हाईच. नुसतं रबार हाय.”

बोटाएवढ्या जाड रबराच्या आत उदबत्तीच्या काडीएवढी तार होती. वरून तांबूस, पण चाकूने खरवडल्यावर आत चंदेरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा वीज कमी वाहून नेतं, तांब्याच्या साधारण साठ टक्केच. त्यात तार इतकी बारीक. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. एवढा करंट बारीक तारेतून न्यायचा म्हटला की बरीचशी ऊर्जा तारेतच उष्णता होऊन जाते, सेल्फपर्यंत पुरेशी पोचत नाही. पेटीवर छापलं होतं ‘१००० अँपिअर’. हा आकडा कोणी तपासत नाही, म्हणून तो बिनदिक्कत छापतात.

दादाने पिकअपच्या सीटमागून स्वतःची केबल काढली. जुनी, काळवंडलेली, उचलायलाच जड. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. त्याने पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी शिदोरीतले लाडू दिले, तेवढे घेतले.

त्रिकोणाचं त्याहून वाईट. तो मी आधीच वळणाच्या वर ठेवायला गेले होते. त्याच्या पायाला वजनच नाही. ट्रक गेला की आडवा. आणि उभा असतानाही चमकत नव्हता, कारण त्याच्या लाल पट्ट्या रिफ्लेक्टर नसून साधं चकचकीत प्लास्टिक होतं. त्या धुक्यात हा त्रिकोण असणं आणि नसणं सारखंच होतं. माझा मुलगा त्या गाडीत बसला होता, आणि ज्यांनी हे विकलं त्यांनी हा त्रिकोण कुणाच्या तरी गाडीमागे उभा राहणार हे जाणूनच विकलं. ह्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर डिकीचा तळ उचलला. स्टेपनीजवळ कंपनीने दिलेला जॅक, पाना आणि एक खरा, जड पायाचा त्रिकोण होता. म्हणजे जी वस्तू गाडीच्या किमतीत आधीच आली होती, तिच्यासारखी दिसणारी खोटी वस्तू आम्हाला परत विकली. मग पेटीतलं बाकी सगळं तपासलं. कॉम्प्रेसरच्या काट्यावर ३३ दिसत होतं तेव्हा पेट्रोल पंपावरच्या गेजवर २५ आलं. अशा काट्यावर विसंबून कोणी हायवेला लागला तर कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो. आग विझवायच्या डब्यावर आयएसआय मार्क नाही, प्रेशरचा काटा नाही, मुदतीची तारीख नाही. अंगणात दाबला तर थोडा पांढरा फेस आला आणि संपला.

आता ते सील. अशा वस्तू माणूस वर्ष-दोन वर्षं उघडत नाही. उघडतो तेव्हा रात्र असते, घाट असतो, आणि तोवर बिल हरवलेलं असतं. सगळा धंदा ह्याच एका गोष्टीवर चालतो. म्हणून पैसे देण्याआधी, तिथेच काउंटरवर, पेटी फोडा. वॉरंटी जाईल म्हणाले तर तसं बिलावर लिहून द्यायला सांगा.

केबलचा सगळ्यात सोपा निकष वजन. छोट्या पेट्रोल गाडीला निदान १६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल हवी, डिझेलला २५. तीन मीटरची, १६ ची जोडी असेल तर तिच्यात नुसतं तांबंच साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतं. रबर आणि क्लॅम्प वेगळे. आमची आख्खी केबल, क्लॅम्पसकट, वाण्याच्या काट्यावर ३१० ग्रॅम भरली. लांबीही लिहिलेल्या तीन मीटरऐवजी दोन मीटरला कमी होती. विकत घेताना क्लॅम्पच्या आतलं टोक ब्लेडने खरवडून बघा. खरं तांबं आतपर्यंत लाल असतं. लोहचुंबकही लावा, तार चिकटली तर आत लोखंड आहे. त्रिकोणाची परीक्षा मोबाइलने होते. अंधारात वीस-पंचवीस पावलांवर ठेवून फ्लॅश मारून फोटो काढा, खरा रिफ्लेक्टर फोटोत पेटल्यासारखा लखलखीत दिसतो. खोटा तसाच मंद राहतो.

केबल चांगली असली तरी लावायचा क्रम चुकवू नका. आधी लाल क्लॅम्प बंद गाडीच्या प्लसला, मग दुसरा लाल चालू गाडीच्या प्लसला, मग काळा चालू गाडीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ ही महामार्ग हेल्पलाइन लावा, जिवाला धोका वाटला तर ११२. ‘जवळचं टोइंग’ असं शोधून आलेल्या पहिल्या नंबरवर आगाऊ पैसे पाठवू नका.

शोरूमला पेटी घेऊन गेले तेव्हा मॅनेजर म्हणाला, “हा व्हेंडरचा माल आहे, आमचा नाही.” पण पैसे त्यांनी घेतले होते, आणि पावती माझ्याकडे होती, त्यांच्याच नावाची. पेटीवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हतं, एमआरपीही नव्हती. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ह्या गोष्टी छापाव्याच लागतात, तेव्हा वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याकडेही तक्रार करता येते. मी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चिरलेल्या केबलचे, वजनकाट्याचे फोटो आणि पावती जोडली. पुढची तयारीही ठेवली होती. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथवर जावं लागलं नाही. शोरूमने फोन करून पूर्ण पैसे परत दिले. ‘तक्रार समाधानकारकरीत्या मिटली’ असं लिहून मागत होते. पैसे मिळाले एवढंच मी लिहून दिलं.

विक्री मात्र थांबलेली नाही. माझी मैत्रीण त्याच शोरूममधून गाडी घेत होती, तिच्या कोटेशनवर तीच ओळ होती, आता ५,४०० रुपयांना. तिने ती खोडायला लावली. सेल्समनने तेच पासिंगचं कारण सांगितलं. ती म्हणाली, “नियम दाखव, मग देते.” तो मॅनेजरला विचारून आला आणि त्याने नवं कोटेशन छापलं, किटशिवाय. तिच्या गाडीचं पासिंग ठरलेल्या दिवशी झालं.