एमबीबीएसला इंटरव्ह्यू नसतो, आम्हाला हे साडेतीन लाख गेल्यावर कळलं

आमच्या घरात कुणी डॉक्टर नाही, त्यामुळं ॲडमिशनचं काहीच माहीत नव्हतं आणि तिथंच फसलो. परभणी जिल्ह्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. बहीण लातूरला एक वर्ष रिपीट करून नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसली, ७२० पैकी सव्वाचारशेच्या आसपास आले. निकालाच्या तिसऱ्या दिवशी फोन आला, समोरच्याला तिचं नाव, मार्क, कॅटेगरी सगळं पाठ! पुण्याकडच्या एका कॉलेजचा ॲडमिशन ऑफिसर बोलतोय म्हणाला, मॅनेजमेंट कोट्यात सीट आहे, पण यंदापासून परदेशासारखा इंटरव्ह्यू लागतो. तो इतका शांत बोलायचा की मला शंकाच आली नाही.

संभाजीनगरच्या एका हॉटेलात बोलावलं. बहिणीनं आठ दिवस तयारी केली, इंग्लंडमधल्या मेडिकल इंटरव्ह्यूचे व्हिडिओ बघून आरशासमोर उभी राहून बोलायची. तिकडं खरंच इंटरव्ह्यू असतात, म्हणून आम्हाला ते पटलं. कोट घातलेले तिघं बसलेले, डॉक्टर का व्हायचंय विचारलं, तर ती म्हणाली आमच्या वाडीवर ॲम्ब्युलन्स यायला दीड तास लागतो, आजी रस्त्यातच गेली. एकानं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, एक्सलंट, सिलेक्टेड. लेकराच्या डोळ्यात पाणी आलं. पैशापेक्षा मला तेच जास्त लागलंय, तिच्या आजीचं मरण त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच फाईलचे पन्नास हजार मागितले.

पुढं सीट ब्लॉक करायला तीन लाख. लाखभर एका माणसाच्या खात्यावर एनईएफटी केली, कॉलेजच्या नाही, हे तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, आणि दोन लाख रोख, त्यासाठी मायनं पाटल्या सराफाकडं ठेवल्या. वरून म्हणाला, कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी ॲडमिशनच्या फेरीला, कॉलेजांचे चॉईस भरू नका, सीट डबल दिसेल आणि दोन्ही जातील. आम्ही ऐकलं. प्रायव्हेट बीडीएसला, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीला नंबर लागण्यासारखा होता, तो राऊंड तसाच गेला.

अलॉटमेंट लेटर व्हॉट्सॲपवर आलं, ते घेऊन कॉलेजला गेलो. खिडकीवरच्या बाईनं बघितलं आणि हळूच म्हणाली, दादा यावर सीईटी सेलचा ॲप्लिकेशन नंबरच नाही, आणि एमबीबीएसला इंटरव्ह्यू कुठं असतो? आम्ही तिथंच पायरीवर बसलो, नंबर लावला तर बंद.

आता जे कळलंय ते सांगतो, लक्ष देऊन वाचा. आपल्या देशात एमबीबीएसचं ॲडमिशन नीटच्या मेरिटवर होतं, २०२० पासून एम्स आणि जिपमरचंसुद्धा. सरकारी कॉलेजच्या १५ टक्के ऑल इंडिया सीटा आणि डीम्ड म्हणजे अभिमत विद्यापीठांच्या सीटा केंद्राची एमसीसी ही कमिटी भरते, राज्याच्या सीटा आपल्या राज्य सरकारची सीईटी सेल. ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात तोसुद्धा नीटच्या मेरिटनंच, फी मात्र कितीतरी पट जास्त. कुणाला फोनवर सीट धरून ठेवता येत नाही. आणि डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानंच गुन्हा आहे, म्हणून हे लोक पावतीवर कधी डोनेशन लिहीत नाहीत, प्रोसेसिंग लिहितात. आमच्याही पावतीवर तेच होतं.

लॉगिनचा पासवर्ड, ओटीपी कुणाला देऊ नका. चॉईस भरायचं तर कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. आणि पैसे गेलेच तर लाजू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही अकरा दिवस घरात बसलो, तोवर खात्यातले लाख निघून गेले होते, रोख दिलेल्याचा तर पुरावाच नाही. तक्रार दिलीय, तपास सुरू आहे म्हणतात.

बहिणीला नंतर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टरकी लागली, ती गेलीय. काल सेलूकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला म्हणे, पोरीला परवा हॉटेलात इंटरव्ह्यूला बोलावलंय, काय काय विचारतात? मी म्हणालो काका, एक रुपया देऊ नका आणि कुठं जाऊ पण नका, मी येतोय. आता ती पावती आणि ते लेटर घेऊन त्यांच्याकडंच निघालोय.