फाल्गुनातल्या भटकंतीसाठी ८×४२ दुर्बीण : गणिताच्या बाईंचा अभिप्राय

दुर्बीण घ्यायला गेलं की दुकानदार आधी पट सांगतो. "मॅडम, ही वीस पटीची आहे, समोरच्या डोंगरावरचा माणूस ओळखता येतो." मला डोंगरावरचा माणूस ओळखायचा नव्हता. माघ सरता सरता सासवडच्या आसपास पळस-पांगारे फुलू लागतात, तेव्हा त्या झाडांवर कोण कोण येऊन बसतं ते बघायचं होतं. मी ८×४२ मागितली, तर त्याने "ती आता कोण घेतं हो" म्हणत एक झूमवाली, म्हणजे पट कमी-जास्त करता येणारी, पुढे केली. भिंगांवर झगझगीत लाल रंगाचा लेप होता. दुकान पुण्यातलं, मोठं. नाव लिहीत नाही. त्याला नमस्कार करून निघाले आणि दुसरीकडून हवी तीच घेतली.

घेतलेली वस्तू अशी: पोरो प्रिझमची, म्हणजे खांदे बाहेर आलेल्या जुन्या धाटणीची ८×४२. वजन साडेसातशे ग्रॅमच्या आसपास, किंमत दहा हजारांच्या जरा आत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत तीन-चार कंपन्यांचा माल मिळतो, त्यांच्यात उन्नीस-बीसचाच फरक असतो आणि डब्यावरचे आकडे वाचता आले की नावावाचून फार अडत नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे गुणही आधीच देऊन टाकते: १०० पैकी ८०. कुठे कापले ते पुढे येईलच.

आता आकडे. आठ म्हणजे वस्तू आठ पट जवळ आल्यासारखी दिसते. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात, डोळ्याच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या गोलाचा तो व्यास. दुकानदाराच्या २०×५० मध्ये हाच गोल अडीच मिलिमीटरचा. भर उन्हात डोळ्याची बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटर एवढी आक्रसलेली असते, तेव्हा काही बिघडत नाही. पण पाखरं बघायची वेळ सूर्य उगवायच्या आधीपासूनची. तेव्हा बाहुली मोठी होते; माझ्या वयात ती साधारण पाच मिलिमीटरपर्यंत उघडते. पाचाच्या बाहुलीला सव्वापाचचा गोल पुरून उरतो, अडीचचा अपुरा पडतो. क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात बदलतं, हे सातवीच्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून पहाटे हाच पक्षी माझ्या दुर्बिणीत उजळ दिसतो आणि त्या वीस पटीच्या दुर्बिणीत काळा ठिपका.

दुसरा आकडा डब्यावर बारीक अक्षरात असतो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा: १,००० मीटरवर १४० मीटर. एक किलोमीटर अंतरावरचा १४० मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो, असा त्याचा अर्थ. त्रैराशिक मांडा. ५० मीटरवर ७ मीटर. म्हणजे बांधावरचा एक अख्खा पळस मावतो. वीस पटीच्या दुर्बिणीच्या डब्यावर १,००० मीटरवर ५६ मीटर लिहिलं होतं. ५० मीटरवर ते २.८ मीटरच भरतात. त्यात पळसाची एखाद-दुसरी फांदी दिसेल, आणि तीही थरथरताना, कारण वस्तू वीस पट मोठी दिसते तसा हाताचा कंपही वीस पट मोठा होतो. शिंजीर हा फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी एका जागी दोन सेकंद टिकत नाही. तो कुठल्या फांदीवर गेला हे शोधेपर्यंत तुमची दुर्बीण आकाशात असते.

पळसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दुर्बिणीची खरी परीक्षा तिथेच होते. या दिवसांत माळरान सुकलेलं असतं, गवत पिवळं पडून मोडलेलं. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या अंगावर पान नसतं आणि फुलं मात्र गच्च. आडोसा नाही, त्यामुळे पक्षी उघड्यावर दिसतात. नवशिक्या माणसाने पावसाळ्यात हिरव्या पानांमध्ये डोकं खुपसण्यापेक्षा शिमग्याच्या आधी-नंतरचे आठवडे गाठावेत. एकाच झाडावर साळुंकी, भांगपाडी मैना, कोतवाल, बुलबुल आणि चष्मेवाला पक्ष्यांची टोळी एका सकाळी मिळून जाते. खार पाकळी बाजूला सारून फुलात तोंड घालते. जांभळा शिंजीर थंडीत निम्मा उतरलेल्या रंगाचा असतो. गळ्यापासून पोटापर्यंत नुसती एक गडद पट्टी. वसंत लागेतो नर पुरता जांभळा-निळा होतो. नुसत्या डोळ्यांना तो काळाच दिसतो. आठ पटीतून, ऊन पाठीमागून येत असेल तर, चमक दिसते. आणि मादीपुढे मिरवताना त्याने पंख जरा उचलले की बगलेतला पिवळा-नारिंगी पिसांचा झुबका दिसतो. तो झुबका दिसला आणि माझे पैसे वसूल झाले.

आता त्या लाल भिंगांची गोष्ट. बाजारात ती 'रूबी कोटिंग' म्हणून खपवतात, फार भारी वाटतात. भिंग लाल दिसतं, कारण ते लाल उजेड परत फेकतं. जो उजेड परत गेला तो डोळ्यापर्यंत पोचत नाही. मग चित्र निळसर-हिरवट येतं. आमच्या भावजयीच्या मुलाकडे तसली एक आहे, घाटात कुठेतरी घेतलेली. तिच्यातून पळस बघितला तर फुलं विटकरीच्या भुकटीसारखी मळकट. फाल्गुनात पळस बघायला निघायचं आणि त्याचा तांबडा रंगच वाटेत अडवायचा, याला काय म्हणावं! भिंगावर हिरवट किंवा जांभळट झाक असलेली आणि आरपार पाहिल्यावर पांढरा कागद पांढराच दिसणारी दुर्बीण घ्या.

भोरड्या या पाहुण्या पक्ष्यांचं सांगायलाच हवं. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. उन्हाळ्यात मध्य आशियाकडे वीण करतात, तिथे टोळ-नाकतोडे खातात आणि पावसाळा निम्मा सरायच्या सुमारास आपल्याकडे येऊ लागतात. चैत्रापर्यंत बहुतेक परततात. शाळू हुरड्यावर असतो तेव्हा शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, पांगारा फुलला की त्यावर गर्दी. कऱ्हेकाठच्या एका रानात मी त्यांचा थवा बघत उभी होते, तर माळ्यावरून गोफण खाली ठेवत आबांनी हाक मारली, "बाई, भोरड्या मोजून काय करताय? हाकलायला या की!"

दुर्बीण त्यांच्या हातात दिली. मधलं चाक फिरवायला दाखवलं. बराच वेळ काही बोलेनात, मग म्हणाले, "आरं तिच्यामारी, हिला तुरा हाय की! इतकी वर्सं दगडं मारतोय, कधी दिसला न्हाय."

मी म्हटलं, "आबा, लांबून येतात त्या. तिकडे टोळ खातात."

"मंग तिकडंच ऱ्हावं की. माझ्या शाळवात काय टोळ ठिवल्यात व्हय?"

आबांना सत्तरी उलटली आहे आणि त्यांना चाक फिरवून जमवायला काही क्षण पुरले. वापरायला सोपी या सदरात मी पूर्ण गुण देते. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून घ्यावी लागते आणि दुकानात कोणी सांगत नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसतो. उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याने लांबची पाटी स्पष्ट करायची. मग डावा मिटायचा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावरची, कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. ती खूण लक्षात ठेवायची. हे न करता "डोकं दुखतं" म्हणून दुर्बीण कपाटात टाकणारे लोक मला माहीत आहेत.

आता गुण कापायचे. पहिले सात चष्म्यापायी. आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, तो आकडा या दुर्बिणीत १२ मिलिमीटर आहे. चष्मेवाल्यांना १५ च्या पुढे हवा. मी चष्मा वर कपाळावर सरकवून बघते, चाक फिरवून माझा नंबर भरून निघतो. वहिनींना जाड सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना चष्मा काढून चालत नाही आणि लावला तर कडेचा भाग कापला जातो. त्यांनी स्वतःसाठी सरळ नळीची, रूफ प्रिझमची ८×४२ घेतली. हलकी आहे, पाण्यापासून सुरक्षित आहे आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो. पण त्या जातीत तेवढंच स्वच्छ चित्र हवं तर पैसे जास्त मोजावे लागतात. दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितल्या; कडेपर्यंतची रुंदी माझ्यात जास्त, काटकपणा त्यांच्यात.

आणखी आठ गुण जवळच्या अंतरासाठी. माझी दुर्बीण पाच मीटरच्या आतलं स्पष्ट दाखवत नाही. पक्ष्यांना चालतं. पण मार्च-अखेरीला आम्ही साताऱ्याच्या वरच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलो, जिथे पवनचक्क्या आहेत. तिथल्या सरड्याच्या नराला गळ्याखाली पंख्यासारखी कातडी असते, निळी, काळी आणि नारिंगी. दगडावर चढून तो ती उघडतो, मिटतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ती स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. तो सरडा वाटेच्या अगदी कडेला होता आणि मला त्याच्यापासून मागे मागे सरकत जावं लागलं. वहिनी तीन मीटरवरून आरामात बघत होत्या. फुलपाखरं, चतुर, सरडे यांची आवड असेल तर हा आकडा आधी बघा.

उरलेले पाच वजनाचे. सोबत येणारा गळ्यातला पट्टा तासाभरात मानेला रग लावतो. दोन्ही खांद्यांवरून पाठीत फुली पडणारा पट्टा वेगळा मिळतो, तो घेतला आणि तक्रार मिटली. पण तो डब्यात असायला हवा होता. पावसाला ही चालत नाही, हे घेतानाच माहीत होतं. फाल्गुनात पाऊस नसतो. त्रास असतो तो मळणीयंत्राच्या भुशाचा. काच पदराने किंवा ओढणीने पुसू नका, धुळीचा कण लेपावर ओरखडा काढतो. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवायची, मग कापड.

बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ पासूनचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. तिथे ही दुर्बीण शोभून दिसली. चिंकारा लांब उभा राहून आपल्याकडे बघत असतो. आठ पटीत नराच्या शिंगांवरची वलयं दिसतात, शेपटीचा काळा झुबका सतत हलताना दिसतो. गवतावरून खाली खाली तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी या दिवसांत परतीच्या तयारीत असतो. तो उडत असताना नजरेत धरून ठेवायला रुंद पट्टाच लागतो. माळटिटवी, डोंबारी ही जमिनीच्याच रंगाची पाखरं, हलल्याशिवाय सापडत नाहीत. नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरून गरम हवा थरथरू लागते आणि मग कितीही पटीची दुर्बीण आणा, चित्र पाण्यात पडल्यासारखं हलतं. जास्त पट असेल तर जास्तच. तेव्हा घरी जायचं. खोकडीची पिल्लं याच सुमाराला बिळात असतात. बीळ सापडलं तर लांबूनच बघा, तेवढ्यासाठीच तर पैसे मोजलेत. मोबाइल घेऊन बिळाच्या तोंडाशी जाणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांना मी वर्गातल्या आवाजात परत बोलावलं.

भिगवणला मात्र फार अपेक्षा ठेवू नका. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी काठापासून दूर असले तर आठ पटीत नुसती गुलाबी रेघ दिसते. तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठ्या पटीची दुर्बीण हवी, किंवा कुंभारगावहून होडी करावी. होडीत पुन्हा आठच पट कामाला येते, कारण होडी डुलते. चित्रबलाक आणि चमचे या पक्ष्यांसाठी ती भरपूर झाली.

घेताना दुकानाच्या बाहेर, उजेडात या. दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसकडे पाहा: उजेडाचा गोल पूर्ण गोल हवा. कडा कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर आतल्या प्रिझमची काच हलक्या प्रतीची. विजेच्या तारेकडे रोखा. दोन तारा दिसल्या तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत, ती परत करा. सूर्याकडे चुकूनही रोखू नका. मधलं चाक एका बोटाने फिरलं पाहिजे, अडखळता कामा नये. आणि झूमवाली दाखवली तर "नको" म्हणा. कारण विचारलं तर १,००० मीटरवर किती मीटर, एवढंच विचारा. माझ्या दुकानदाराला डबा उलटा करून ते शोधावं लागलं होतं.