फोटोतली भिंत आमची नव्हती

सांगलीत आमच्या घरामागे 20 बाय 15 फुटांची मोकळी जागा आहे. संध्याकाळी बाबांना खुर्ची टाकून बसता यावं, कडेनं मोगरा लावावा, म्हणून तिथं शहाबादी फरशीचं अंगण करायचं ठरलं. ओळखीतून ठेकेदार आला. त्यानं लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं, मांडवावर चढलेल्या मधुमालतीसकट. आई हरखूनच गेली. दर 280 रुपये चौरस फूट, म्हणजे 84,000. खाली 6 इंच डबर-मुरूम, म्हणजे दगड आणि भरड मातीचा भराव, वर 3 इंच काँक्रीट आणि मग दीड इंची फरशी, हे सगळं तो तोंडी बोलला. कागदावर मात्र ‘फरशी बसवणे, मालासह’ एवढंच. त्यावरच सह्या झाल्या, 60,000 आगाऊ गेले.

खोदाईच्या वेळी आम्ही तीन दिवस कोल्हापूरला लग्नात होतो. “ताई, तुम्ही निवांत जावा, मी फोटो टाकतो,” म्हणाला. टाकलेही. हातानं रचलेलं डबर, वर धुमसलेला ओला मुरूम. परत आलो तर फरशा बसून सांधेही भरलेले. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले.

जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पाणी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी तुंबलं. उतार घराकडेच होता! पंधरा फुटांना निदान तीन इंच उतार, तोही घरापासून बाहेर, हवा होता. पैसे देण्याआधी भिंतीशी एक बादली पाणी ओतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. ऑगस्टपर्यंत मधल्या फरशा डुलायला लागल्या. एका सकाळी बाबा ठेचकाळून पडले, मनगट मोडलं. ठेकेदार आधी “बघतो” म्हणायचा, मग फोनच लागेना.

शेवटी गल्लीतल्या जुन्या गवंड्याला बोलावलं. त्यानं पहारेच्या टोकानं एकेक फरशी वाजवून पाहिली. “सगळं पोकळ वाजतंय,” म्हणाला आणि एक उचलली. चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे, मध्ये मोकळं, खाली थेट काळी माती. ना डबर, ना मुरूम, ना काँक्रीट. फरशीही जेमतेम पाऊण इंच. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम भरल्याशिवाय वर काहीच टिकत नाही.

रात्री मी ते फोटो मोठे करून पाहिले. डबराच्या मागे जांभ्याची भिंत होती. आमची भिंत विटांची, गिलावा केलेली. कोकणातल्या कुठल्यातरी कामाचा फोटो मला पाठवला होता, आणि मी त्याला “छान” म्हणून उत्तर दिलं होतं.

तुम्ही असं काम काढणार असाल तर प्रत्येक थराची जाडी, फरशीची जाडी आणि उताराची दिशा कागदावर लिहून घ्या. खड्डा, भराव, काँक्रीट या तिन्ही वेळी घरचं माणूस तिथं उभं हवं, टेप घेऊन. पैसे थरागणिक द्या. आणि फसलाच असाल तर गप्प बसू नका. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. कामासाठी मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. मी केली आहे. बँकेतून दिलेले पैसे आणि तेच फोटो पुरावा म्हणून जोडलेत.

निकाल लागेपर्यंत फरशा तशाच ठेवल्यात. मागच्या दाराला कडी आहे, बाबा पुढच्या पायरीवर बसतात.