ओडोर-बतिस्ता मारामारी: रेकॉर्डिंग कुठून पाहावं

१५ मे २०१६, आर्लिंग्टन. बेसबॉलचा सामना, टेक्सास रेंजर्स विरुद्ध टोरांटो ब्लू जेज. फक्त ठोशाचा व्हिडिओ पाहाल तर अर्धीच गोष्ट कळेल. पाहायचं तर आठव्या डावापासून पाहा. रेंजर्सच्या मॅट बुशचा चेंडू ब्लू जेजच्या होजे बतिस्ताच्या बरगड्यांवर बसतो, तिथे खरी ठिणगी पडते. (दारूगोळा मात्र ऑक्टोबर २०१५चा, बतिस्ताने रेंजर्सविरुद्ध होमरन, म्हणजे षटकारासारखा फटका, मारून बॅट भिरकावली होती तेव्हाचा.)

चेंडू लागल्याने बतिस्ताला पहिला बेस (धावताना गाठायचा थांबा) मिळतो. मग सोबत्याच्या फटक्यावर दुसऱ्या बेसवरची घसरण. ती पाव वेगाने पाहा. बतिस्ता फार उशिरा घसरतो आणि बेस ओलांडून थेट रेंजर्सच्या रूग्नेड ओडोरच्या पायांवर जातो. त्याच वर्षी आलेल्या नियमाप्रमाणे बेसच्या आधी घसरायला हवं आणि बेसवर थांबायला हवं. म्हणूनच अंपायरने बतिस्ता आणि फटका मारणारा फलंदाज, दोघांना बाद दिलं. ओडोर आधी ढकलतो, मग उजव्या हाताचा ठोसा सरळ जबड्यावर. हेल्मेट, गॉगल दोन्ही उडतात! बतिस्ता पडत मात्र नाही. लगेच रेंजर्सचाच एड्रियन बेल्ट्रे त्याला मागून कवेत घेतो. गर्दीत हे सहज निसटतं, तिथे थांबवून पाहाच.

सामना रेंजर्सने ७-६ जिंकला. ओडोरची ८ सामन्यांची बंदी अपिलात ७ वर आली, बतिस्ताला १. पण त्याच ऑक्टोबरात ब्लू जेजने रेंजर्सना प्लेऑफच्या मालिकेत ३-० ने घरी धाडलं, शेवटचा सामना तर ओडोरच्याच चुकलेल्या थ्रोवर. तो सामनाही जोडीने पाहा.